खळ्यावरचा वाटा आणि कागदावरचा हक्क

भोर म्हटले म्हणजे मराठी वाचकास पंतसचिवांचे संस्थान आठवते, आणि वेल्हे म्हटले म्हणजे तोरणा व राजगड. ह्या संस्थानाचे तालुकेही गडांच्या नावांनी ओळखले जात असत. तोरणा तो प्रचंडगड, रोहिडा तो विचित्रगड; शिवाय राजगड आणि घाटाखालचा सुधागड हे होतेच. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचे सरकारने 2024 साली ठरविले, ते एका परीने जुन्या चालीस धरूनच झाले. अशा मुलखाच्या इतिहासात गड, देशमुख आणि लढाया ह्यांनीच पाने भरावीत ह्यात नवल नाही. राजवाड्यांपासून पुष्कळ संशोधकांनी मावळातील देशमुख घराण्यांचे कागद धुंडाळले आणि छापले, त्यांचे उपकार आपणांवर आहेतच. परंतु त्याच खोऱ्यांतून गावागणिक जे एखाददुसरे मुलाण्याचे घर असे, त्या घराची चूल कशावर पेटत होती आणि पुढे ती कशाने मंदावली, हे सांगण्याच्या भरीस सहसा कोणी पडले नाही.

आम्हांस आज ह्या चुलीविषयीच थोडे लिहावयाचे आहे. सुशिक्षित मराठी घरात मुसलमान कुटुंबाचा विषय निघाला, की तो तलाकापासून निघतो आणि तलाकापाशीच संपतो. एक पक्ष म्हणतो, सर्व दुःखाचे मूळ त्यांचा धर्मशास्त्रीय कायदा. दुसरा म्हणतो, छे, मूळ ते दारिद्र्य. दोन्ही पक्षांना एक गोष्ट दिसत नाही असे आम्हांस वाटते. हक्क लिहिलेला असणे निराळे आणि तो पदरात पडणे निराळे. भोर-वेल्ह्याकडच्या मुसलमान कुटुंबाच्या गेल्या दोनअडीचशे वर्षांकडे ह्या एका अंतराच्या दृष्टीने पाहिले, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की ह्या मुलखात मुसलमान हा उपरा नव्हता. रोहिड्याचा तिसरा दरवाजा चढून जाणाऱ्यास तेथे मराठी आणि फारसी अशा दोन्ही भाषांतले लेख कोरलेले आढळतात; ते आदिलशाही अमदानीतले आहेत. त्या काळच्या मजालसीत, म्हणजे वतनाचा तंटा तोडण्यास बसलेल्या सभेत, काझी असे, देशमुख-देशपांडे असत, आणि बलुतेदारही असत. शिवछत्रपतींनी पिरांच्या व मशिदींच्या दिवाबत्तीची चाल मोडली नाही, हे सभासदाने आपल्या बखरीत नमूद केले आहे. पुढे राजाराममहाराजांच्या कारकिर्दीत शंकराजी नारायण सचिव झाले आणि त्यांच्या घराण्याकडे हा मुलूख आला. परंतु धनी बदलला म्हणून गावगाडा बदलला, असे झाले नाही.

त्या गावगाड्यात मुलाण्याची जागा कोठे होती? ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात बारा बलुत्यांची जी यादी दिली आहे, तीत जोशी, भट आणि मुलाणा ही नावे शेजारी शेजारी आहेत. मोल्सवर्थच्या कोशात बलुत्याच्या तीन कासा सांगितल्या आहेत; थोरलीत सुतार-लोहारांसारखे कामकरी, आणि धाकटीत भट, मुलाणा, गुरव व कोळी. भटजी आणि मुलाणा एका ओळीत बसून सारख्या मापाचा वाटा घेतात, हे चित्र आजच्या वाचकास गमतीचे वाटेल. गावाच्या हिशेबात मात्र त्यात गंमत कसलीच नव्हती. दोघेही धर्मकृत्याचे धनी; दोघांचे काम वर्षातून प्रसंगाप्रसंगानेच पडणारे; तेव्हा वाटाही तितकाच. मुलाण्याने पिराची दिवाबत्ती पाहावी, आपल्या जातभाईंचे निकाह लावावेत, आणि मराठ्यांच्या घरी देवकार्य, जत्रा वा लग्न निघाले म्हणजे बकऱ्यावर सुरी चालवावी. मुलाण्याच्या हातचे नसेल तर मराठा ते मटण सहसा खात नसे, असे डफसाहेबही सांगतो.

ह्या कामाचा मोबदला खळ्यावर मिळे. मावळ हा भाताचा मुलूख; वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. मळणी झाली, रास पडली, की बलुतेदारांनी खळ्यावर यावयाचे आणि कुणब्याने ज्याचा त्याचा वाटा घालावयाचा. ह्या रीतीचे दोष आम्ही जाणतो. ती जातीच्या उतरंडीवर उभी होती. महार-मांगांस तिने काय भोगावयास लावले ते सर्वश्रुत आहे, आणि मुलाण्याचा वाटाही काही मोठा नव्हे. पण ह्या रीतीत एक गुण होता. वाटा चारचौघांच्या डोळ्यांदेखत पडे. कोणी तो बुडविला, तर दुसऱ्या दिवशी गावभर बोभाटा होई. शिवाय धान्य घरात येई ते कुटुंबाचे म्हणून येई. घरधनी मेला, तरी वतन मरत नसे. मुलगा लहान असला तर चुलत्याने काम करावे आणि विधवेच्या कणगीत काही ना काही पडावे. ह्या हक्कामागे सरकारचा कागद क्वचितच असे. तो चालवून घेणारा गाव मात्र दारातच असे.

परंतु आम्ही विधवेचे नाव घेतले, मुलीचे घेतले नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. इस्लामी धर्मशास्त्राने मुलीस मुलाच्या निम्मा वाटा दिला आहे, पत्नीस आणि आईस निश्चित हिस्से दिले आहेत. ज्या काळी हिंदू मुलीस बापाच्या मिळकतीत, भाऊ असताना, काहीच नव्हते, त्या काळचे हे दान आहे. त्याचे मोल कमी लेखू नये. पण वतनी जमिनीत मुलाण्याच्या मुलीस तो वाटा मिळाला काय? वतन म्हणजे चाकरी, चाकरी पुरुषाची, म्हणून जमीनही पुरुषाची, हा देशरिवाज हिंदूंस जसा लागू तसाच मुसलमानांसही. इंग्रजांनी 1827 च्या मुंबई रेग्युलेशनात देशरिवाजास पक्षकाराच्या धर्मशास्त्राच्या आधीची जागा दिली. पुढे 1874 च्या वतन कायद्यास 1886 साली जी दुरुस्ती झाली, तिने तर स्पष्टच केले की शेवटच्या पुरुष मालकाची विधवा खेरीज करून वतनदार घराण्यातील इतर स्त्रियांचा वारसा घराण्यातील पुरुषांच्या मागे पडावा. भोर हे संस्थान. हे कायदे त्याच्या हद्दीबाहेरच्या इंग्रजी मुलखाचे. पण हद्दीच्या अलीकडे मुलीची स्थिती पलीकडच्याहून चांगली होती असे मानण्यास कारण नाही. भावाशी बिघडले तर माहेर तुटते, ह्या भयाने हक्क सोडणारी बहीण मराठ्याच्या घरी होती तशीच मुलाण्याच्या घरीही होती.

मग 1937 साली मध्यवर्ती कायदेमंडळाने शरियत कायदा केला. देशरिवाजाच्या आड मुलींचे वाटे बुडतात, तेव्हा रिवाज बाजूस सारून धर्मशास्त्र लागू करावे, हा त्याचा एक मोठा हेतू सांगण्यात आला. हेतू उत्तम. परंतु कायद्याच्या दुसऱ्याच कलमात शेतजमीन वगळण्यात आली! शेतजमिनीचा वारसा हा 1935 च्या राज्यघटनेप्रमाणे प्रांतांचा विषय होता, हे त्याचे कायदेशीर कारण. आणि जमीनदारांस ते सोयीचे होते, हे न लिहिलेले कारण. खेड्यात राहणाऱ्या कुटुंबाची मिळकत म्हणजे जमीन. ती वगळल्यावर मुलीने वाटा कशात मागावयाचा, भांड्याकुंड्यांत? त्या मानाने 1939 चा विवाहविच्छेदाचा कायदा खरोखर उपयोगी ठरला. चार वर्षे नवऱ्याचा पत्ता नाही, दोन वर्षे त्याने पोटगी दिली नाही, अशा कारणांवरून मुसलमान स्त्रीस न्यायालयाकडून सुटका मागता येऊ लागली. हनफी शास्त्राप्रमाणे ही वाट जवळजवळ बंद होती. ती उघडण्यासाठी उलेमांनी मालिकी पंथाचे मत आधारास घेतले. धर्मशास्त्र बदलत नाही असे म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी हा इतिहास एकदा वाचावा, अशी आमची सूचना आहे.

भोर संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. पाठोपाठ मुंबई राज्याचे कायदे ह्या डोंगरांत आले. गावाच्या उपयोगी पडणाऱ्या चाकरीची इनामे 1953 साली रद्द झाली. कनिष्ठ गावकामगारांची वतने 1958 साली गेली. ठरलेली रक्कम भरली म्हणजे जमीन नव्याने मिळण्याची सोय होती. पण रक्कम ज्याच्यापाशी होती त्याचीच ती सोय. वतने जावयास हवी होती ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही. खळ्यावरचा वाटा मात्र कोणत्याही कायद्याने एका दिवशी बंद झाला नाही. तो हळूहळू आटला. भात खळ्यावरून घरी जाण्याऐवजी बाजारात जाऊ लागले, कामाचा मोबदला रोकडीने देण्याची चाल पडली, आणि बकरे कापण्यास मुलाण्याला बोलावण्याऐवजी लोक दुकानातून मटण आणू लागले. त्यातच धरणे आली. भोरजवळचे भाटघर धरण 1928 साली पुरे झाले होते. स्वातंत्र्यानंतर वेल्ह्याच्या बाजूस पानशेत आणि वरसगाव झाली. धरणाच्या पाण्याखाली गाव जाते तेव्हा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्यास मिळतो. ज्याचा हक्क जमिनीवर नव्हता, गावावर होता, त्याचा हक्क गावाबरोबर बुडतो. आणि त्याचा पंचनामा करावयास रकाना नसतो.

अशा रीतीने मुलाणी, तांबोळी, अत्तार ही मंडळी भोरच्या पेठेत, आणि तेथून पुण्यास आली. कोणी मटणाचे दुकान घातले, कोणी मोटार चालवू लागला, कोणी गॅरेजात हत्यारे धरली. रोजचा पैसा हाती आला खरा. पण हा पैसा कुटुंबाचा म्हणून येत नाही, मिळविणाऱ्याचा म्हणून येतो, हा फरक मोठा आहे. तो पुरुष आजारी पडला, व्यसनी निघाला किंवा दुसरे घर करून बसला, तर मागे राहिलेल्यांच्या कणगीत वाटा घालावयास कोणी कुणबी येत नाही.

विद्येने हे भागेल असे पुष्कळांस वाटते. सच्चर समितीने 2006 साली आपला अहवाल दिला, त्यात 2001 च्या गणतीवरून देशातील मुसलमानांची साक्षरता 59.1 टक्के, म्हणजे सर्वसाधारण 65.1 टक्क्यांच्या बरीच खाली दाखविली आहे. महाराष्ट्रात मात्र ती त्याच गणतीत सुमारे 78 टक्के, राज्याच्या सरासरीहून तसूभर वरच होती. तरीही नोकऱ्यांत आणि बँकांच्या कर्जांत महाराष्ट्राचा मुसलमान मागेच. लिहितावाचता येणारा हा समाज दारिद्र्यातून वर येत नाही, तर केवळ साक्षरतेचे औषध पुरे नाही हे उघड आहे. मुसलमानांतील व्यवसायजातींस इतर मागासवर्गात घेण्याचा ठराव महाराष्ट्र सरकारने 7 डिसेंबर 1994 रोजी काढला, त्याने काहींस दार उघडले. पुढे 2014 साली पाच टक्के राखीव जागांचा वटहुकूम निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो राहू दिला असताही त्याचा कायदा झाला नाही आणि तो मुदतीबरोबर संपला. कर्जासाठी मौलाना आझाद ह्यांच्या नावाचे महामंडळ 2000 सालापासून आहे. पण कर्ज म्हटले की जामीन आला, आणि जामीन द्यावयास जमीन वा पगार असलेला सोयरा लागतो. व्याज घेणे हराम म्हणून बँकेतले व्याज सोडून देणारा भाविक मनुष्य मुलीच्या लग्नासाठी सावकारास मात्र मुकाट्याने व्याज देतो. ह्यात त्यास हसण्यासारखे काही नाही. त्याच्यापुढे दुसरा दरवाजा नसतो.

मुलीचे लग्न म्हटल्यावर मेहरकडे आलेच पाहिजे. मेहर ही वराने वधूस द्यावयाची रक्कम. तिच्यावर बापाचा हक्क नाही, सासऱ्याचा नाही. ती सर्वस्वी स्त्रीची. इतका स्वच्छ स्त्रीधनाचा हक्क फार थोड्या धर्मशास्त्रांनी दिला असेल. तिचे दोन प्रकार आहेत: मुअज्जल म्हणजे तत्काळ द्यावयाची, आणि मुवज्जल म्हणजे पुढे, तलाकाच्या वा मृत्यूच्या वेळी, द्यावयाची. अरबी लिपीत एका अक्षराचा फरक, आणि बोलण्यात तर तोही उरत नाही. आमच्याकडे कोठे पाचशे, कोठे सातशे शहाऐंशी अशी रक्कम निकाहात पुकारली जाते. पुकारली जाते, दिली जात नाही. शेवटी नवरा मरतो, जनाजा उचलावयाची वेळ होते, आणि जवळच्या वडील बायका त्या विधवेस सांगतात की मेहर माफ केला म्हण, म्हणजे त्याच्या जिवावर ऋण राहणार नाही. नवऱ्याचे प्रेत समोर असताना नाही कोण म्हणेल? ती माफ करते. ज्या क्षणी तिला पैशाची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच क्षणी तिचा एकमेव निर्विवाद हक्क तिच्याच तोंडून रद्द करून घेतला जातो, आणि हे सर्व मायेच्या माणसांकडून, पुण्य म्हणून. उलट बाजूस जहेज, म्हणजे आपला हुंडाच, शेजाऱ्यांकडून शिकून ह्या समाजातही चांगला रुजला. 1961 च्या हुंडाबंदीच्या कायद्याने मेहरला हुंड्याच्या व्याख्येतून काळजीपूर्वक वगळले आहे. पण वगळण्याजोगा मेहर देतो कोण, आणि मनाई असलेला हुंडा घेत नाही कोण?

ह्या दुःखाला मराठीत प्रथम वाचा फोडली ती हमीद दलवाईंनी. ते वरंध घाटापलीकडचे, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, त्यात सात मुसलमान स्त्रिया होत्या. सात! त्या वेळी लोक हसले. आज मागे पाहता त्या सातांपुढे पुष्कळ मोठमोठे मोर्चे फिके वाटतात. पुण्यात 22 मार्च 1970 रोजी त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. आणि 3 मे 1977 रोजी, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. सय्यदभाई, ज्यांचे 2022 साली निधन झाले, हे आपल्या बहिणीच्या तलाकाच्या दुःखातून ह्या कामात आले. दलवाईंच्या धर्मविषयक मतांशी आमच्या सर्व वाचकांचे जुळेल असे नाही; त्यांच्या स्वतःच्या समाजाचे तर जुळलेच नाही. पण मंडळाच्या दाराशी येणाऱ्या स्त्रीचे दुःख तिच्या भाकरीचे असते. दलवाईंचा युक्तिवाद न पटणारासही ती भाकरी नाकारता येत नाही.

पुढची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. आम्ही ती एका अंगानेच पाहणार आहोत. इंदूरच्या शाहबानो ह्यांस दंडाधिकाऱ्याने महिना 25 रुपये पोटगी ठरविली, उच्च न्यायालयाने ती 179 रुपये 20 पैसे केली, आणि 23 एप्रिल 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे आपल्या पुण्याकडचेच. एवढ्याशा रकमेवरून देश हलला. स्वतः शाहबानोंनी त्याच वर्षी खुल्या पत्राने तो निकाल नाकारला. समाजाच्या दडपणापुढे वृद्ध स्त्री किती काळ टिकणार? त्यानंतर 1986 चा कायदा आला. त्याने इद्दतीपुरतीच तरतूद ठेवली अशी समजूत झाली. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच शब्दांतून स्त्रीच्या पुढील आयुष्याची तरतूद वाचून काढली. त्याच कायद्याने निराधार स्त्रीचा भार, नातलग असमर्थ असल्यास, वक्फ मंडळावर घातला आहे. हे कलम किती जणींच्या कानावर आहे, हा प्रश्नच आहे.

आणि एक निकाल आपल्या महाराष्ट्रातला. दगडू पठाण विरुद्ध रहिमबी ह्या 2002 च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने ठरविले की मी तलाक दिला आहे एवढे कैफियतीत लिहून भागत नाही. कारण असले पाहिजे, समेटाचा प्रयत्न झाला पाहिजे, आणि ते सर्व शाबीत झाले पाहिजे. दगडू हे नाव पाहावे. पुढे पठाण, पण नाव ठेवले ते मराठी आईने दृष्ट लागू नये म्हणून ठेवावे तसे. हा समाज कोठून तरी बाहेरून आला असे म्हणणारांनी ह्या एका नावाचा विचार करावा. पंधरा वर्षांनी, 22 ऑगस्ट 2017 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एका बैठकीतला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. 2019 च्या कायद्याने तो गुन्हा ठरून नवऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. नवरा तुरुंगात असता पोटगी कोठून यावयाची, ह्याचे उत्तर कायद्याच्या पाठीराख्यांनी अद्याप नीटसे दिलेले नाही. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कायद्यातील पोटगीचे सर्वसाधारण कलम घटस्फोटित मुसलमान स्त्रीसही खुले असल्याचे पुन्हा सांगितले. कायद्याच्या बाजूने पाहता, शाहबानोंचे वर्तुळ एकुणचाळीस वर्षांनी पुरे झाले.

परंतु वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतल्या बाईच्या बाजूने पाहा. तिने अर्ज करावयाचा, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून एस. टी. ने कोर्टाच्या गावी जावयाचे. नवरा पुण्यात कोठे राहतो ह्याचा पत्ता तिनेच द्यावयाचा. तारखा पडत जावयाच्या. आणि वकील पहिल्याच भेटीत विचारतो तो निकाहनामा, ज्यावर तिचा मेहर लिहिलेला असतो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकलेली. सातबारा वाचते, शिधापत्रिका वाचते, बचत गटाचा हिशेबही लिहिते. निकाहनामा पुष्कळदा उर्दूत असतो. पत्र्याच्या पेटीतून, कपड्यांच्या घडीखालून, ती तो काढून देते. मुअज्जल आणि मुवज्जल ह्या दोन शब्दांपैकी काझीने कोणता ठेवला आणि कोणता खोडला, हे तिला कोणी अजून वाचून दाखविलेले नसते.